हौशी मायनिंग रिगसाठी एसएमपीएस (पॉवर सप्लाय) कोणता घ्यावा? गोल्ड, प्लॅटिनम की टायटॅनियम?

खटपट्या
पाच आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्डं पडून आहेत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाने मायनर लोकांना (कार्डांवर गणितं सोडवून कॉइन मिळवणाऱ्यांना) नारळ दिला तेव्हापासून ती कपाटातच आहेत. आता परत उघड्या फ्रेमवर मांडायचा बेत आहे. कॉइन कोणतं, त्यात सुटणार काय, हा वाद इथे कृपया नको (कोणी ऐकणार नाही, कल्पना आहे). हौस म्हणून करतोय. पण हौस झाली तरी वीज उगाच जळू नये एवढंच म्हणणं आहे.

सॉफ्टवेअरमध्ये एकेक कार्ड १४० व्हॉट दाखवतं. मदरबोर्ड, प्रोसेसर, पंखे मिळून ८० धरलेत. म्हणजे ७८० व्हॉट. डोक्यात तीन पर्याय आहेत:

१००० व्हॉटचा टायटॅनियम,
१६०० व्हॉटचा गोल्ड, कारण निम्म्या लोडवर कार्यक्षमता सगळ्यात चांगली असते असं सगळीकडे वाचलं,
किंवा घरात पडलेले ६५० व्हॉटचे दोन जुने ब्रॉन्झ जोडून.

जाणकारांनी सांगावं.

निवांत
वाचतोय. माझ्याकडे कार्ड एकच आहे आणि तेही गेम खेळायला, पण अशा धाग्यांवर भांडणं छान होतात.

फुकटफौजदार
१६०० डोळे झाकून घ्या. सप्लाय निम्म्यावर चालला की थंड राहतो, पंखा हळू फिरतो, पुढे दोन कार्डं वाढवता येतात. लोक कार्डांवर वाट्टेल तेवढा खर्च करतात आणि सप्लायपाशी येऊन हात आखडतात.

उंटावरचा शहाणा
"कॉइन कोणतं हा वाद नको" म्हणे. म्हणजे पहिल्या पानावर सप्लाय, दुसऱ्या पानावर कॉइन आणि तिसऱ्या पानावर संपादक.

मीटरवाली
खटपट्या, आधी हिशोब मांडू, मग बिल्ल्याचा रंग ठरवू.

८० प्लसचं, म्हणजे सप्लायला कार्यक्षमतेप्रमाणे हे गोल्ड-प्लॅटिनम बिल्ले देणाऱ्या योजनेचं, ११५ व्होल्टचं कोष्टक घ्या. २०, ५० आणि १०० टक्के लोडला गोल्डला अनुक्रमे ८७, ९०, ८७ टक्के गाठावे लागतात. प्लॅटिनमला ९०, ९२, ८९. टायटॅनियमला ९२, ९४, ९०, आणि त्याला एकट्यालाच १० टक्के लोडलाही ९० ची अट आहे. ब्रॉन्झ ८२, ८५, ८२.

तुमचा ७८० व्हॉट हा डीसी लोड आहे, म्हणजे सप्लायच्या पलीकडचा. भिंतीतून किती ओढलं जाईल ते काढायला त्याला कार्यक्षमतेने भागायचं. ९० टक्क्यांना ८६७ व्हॉट, ९२ ला ८४८, ९४ ला ८३०. म्हणजे सगळं अगदी आदर्श धरलं तरी गोल्डवरून प्लॅटिनमला गेल्यावर १९ व्हॉट वाचतात आणि टायटॅनियमला गेल्यावर ३७. चोवीस तास, वर्षभर चालवलंत तर प्लॅटिनम साधारण १६५ युनिट वाचवतं, टायटॅनियम ३२३.

आता दुसरी बाजू बघा. तुम्ही प्रत्येक कार्डाची पॉवर लिमिट फक्त १० व्हॉटने खाली आणलीत तर पाच कार्डांचे ५० व्हॉट कमी होतात, भिंतीपाशी ५५ च्या वर. वर्षाला ४८७ युनिट. टायटॅनियमपेक्षा जास्त, आणि एक दमडी न घालता. हॅशरेट (कार्ड दर सेकंदाला करतं ते काम) थोडा उतरेल, पण वरचे शेवटचे व्हॉट सगळ्यात महाग पडतात. कारण सोपं आहे: चिपची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, हॅशरेट मात्र फार तर क्लॉकच्या प्रमाणात. म्हणून शेवटच्या थोड्या हॅशसाठी कार्ड भसाभस वीज पितं.

तर माझं उत्तर: आधी लिमिट खाली आणा, व्हॉटमीटर लावून मोजा, आणि मग सप्लाय निवडा. १४० हा आकडा गृहीत धरून आज काही घेऊ नका.

फुकटफौजदार
@मीटरवाली, हिशोब मान्य. पण तुम्ही १००० वाल्यालाही ५० टक्के लोडचा आकडा लावलात. १००० वर ७८० म्हणजे ७८ टक्के लोड झाला. तिथे गोल्ड ९० देणार नाही.

मीटरवाली
बरोबर. मधला आकडा कोष्टकात नसतो, ८८-८९ धरा. मग १६०० च्या बाजूने फरक पडतो सुमारे १५ व्हॉटचा. त्या १५ व्हॉटसाठी एवढा जड ठोकळा? शिवाय लिमिट खाली आणलीत की १६०० वाला निम्म्याच्याही खाली जातो आणि आलेख तिकडूनही उतरतो. निम्म्या लोडचा नियम चुकीचा नाही, पण चांगल्या सप्लायचा आलेख ४० ते ८० टक्क्यांत जवळजवळ सपाट असतो. त्यात शिखर शोधत बसण्यात अर्थ नाही.

अजून एक, २३० व्होल्टवर तोच सप्लाय एखाद-दोन टक्के जास्त देतो, कारण करंट निम्मा होतो. ज्यांच्याकडे दोन्ही व्होल्टेज उपलब्ध आहेत त्यांनी रिग वरच्या व्होल्टेजवर लावावी. बिल्ल्याचा रंग बदलण्याइतकाच फायदा होतो.

निवांत
भांडण दोन प्रतिसादांत मिटलं? निराशा झाली.

रात्रपाळी
एक भर घालतो. "सॉफ्टवेअर १४० दाखवतं" यावर फार विसंबू नका. एनव्हिडियाच्या कार्डांवर तो आकडा पूर्ण बोर्डाचा असतो, म्हणून तुमचं बऱ्यापैकी जमेल. पण आरएक्स ६००० मालिकेपर्यंतच्या रेडिऑन कार्डांवर सॉफ्टवेअर फक्त चिपचा आकडा सांगतं. मेमरी आणि व्हीआरएमचं (कार्डावरच्या व्होल्टेज नियंत्रकाचं) नुकसान त्यात धरलेलं नसतं. कोणी इथला हिशोब उचलून रेडिऑनला लावला तर भलतंच उत्तर येईल.

आणि कॉइनचा वाद नको म्हणालात तरी अल्गोरिदम सांगावाच लागेल. इथॅशला (इथेरियमचा जुना अल्गोरिदम) मेमरीचं काम, चिपच्या गाभ्याला आराम. रेव्हनकॉइनचा कॉपॉ गाभ्याला राबवतो, तिथे तेच कार्ड तेवढ्या सेटिंगवर जास्त ओढतं. सप्लाय सगळ्यात खादाड अल्गोरिदम धरून घ्यायचा.

उंटावरचा शहाणा
बघा, आलं की नाही कॉइन? आणि तेही पहिल्याच पानावर.

सोल्डरगन
इथे सगळे टक्क्यांवर बोलताहेत. रिग टक्क्यांनी मरत नाही हो, कनेक्टरने मरते.

ओळखीतल्या एकाच्या रिगवर काय झालं ते सांगतो. सप्लाय प्लॅटिनम, उत्तम होता. रायझरबरोबर (कार्ड मदरबोर्डापासून लांब जोडणारी पट्टी) जी छोटी साटा-ते-सहा-पिन वायर (साटा म्हणजे डिस्कला वीज देणारं डोकं) फुकट येते, ती त्याने लावली. काही आठवडे सुरळीत चाललं. मग एका कार्डाचा हॅशरेट मधूनच शून्य व्हायला लागला. ड्रायव्हर बदलले, रायझर बदलला, काही फरक नाही. शेवटी मी साटाचं डोकं ओढलं तर ते निघेना. पांढरं प्लास्टिक पिवळं पडून सप्लायच्या केबलच्या डोक्याला चिकटलेलं, पिवळ्या वायरकडच्या तीन पिना काळ्या, आणि बाजूचा एक कोपरा मेणासारखा ओघळलेला. अजून थोडे दिवस गेले असते तर पुढचं बोलायला नको.

कारण हिशोबातच आहे. साटाच्या डोक्यात १२ व्होल्टच्या तीन पिना, दर पिनेला दीड अँपिअर, म्हणजे साडेचार अँपिअर. ५४ व्हॉट. आणि पीसीआय एक्सप्रेस स्लॉटला १२ व्होल्टवर साडेपाच अँपिअर, म्हणजे ६६ व्हॉट ओढायची मुभा आहे. कार्डाने आपल्या हक्काचं ओढलं तरी साटा तिथेच हरला. रायझरला सहा पिनची सरळ केबल द्या. ते जमत नसेल तर मोलेक्स (जुन्या पद्धतीचं चार पिनचं डोकं), आणि एका मोलेक्स लाइनवर दोनपेक्षा जास्त रायझर नकोत. साटा कधीही नाही.

दुसरं, मॉड्युलर केबल, म्हणजे सप्लायपासून सुटणारी. सप्लायच्या बाजूची पिनरचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही. डोकं तंतोतंत बसतं, म्हणून लोक जुन्या सप्लायची केबल नव्याला लावतात आणि पाच व्होल्टच्या जागी बारा जातात. डिस्क, रायझर जे असेल ते गेलं. खटपट्या, तुमच्याकडे जुने सप्लाय आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय. त्यांच्या केबली वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा.

तांब्याची_तार
+१. साटावाला प्रतिसाद फ्रेमवर चिकटवून ठेवावा.

माझं मत जरा वेगळं आहे. रिगच करायची तर एटीएक्स (साध्या पीसीचा) सप्लाय घ्यायचाच कशाला? सर्व्हरचा जुना सप्लाय घ्या, ब्रेकआउट बोर्ड (त्याला कार्डांच्या केबलींची डोकी देणारा) लावा. फक्त १२ व्होल्ट येतात, पण कार्डांना तेवढेच लागतात. प्लॅटिनम दर्जाचे सहज मिळतात, वर्षानुवर्षं अखंड चालायलाच ते बनवलेले असतात, आणि एका बोर्डवर सहा पिनची पुष्कळ डोकी. मदरबोर्डला एक छोटा पिको सप्लाय, की झालं काम.

एकच गोष्ट पाहून घ्या. यांची क्षमता इनपुट व्होल्टेजवर ठरते. एचपीचा डीपीएस-१२००एफबी घ्या, २०० ते २४० व्होल्टवर १२०० व्हॉट देतो, १०० ते १२० वर ९००. लेबलवर दोन्ही छापलेलं असतं, लोक मोठाच आकडा वाचतात.

निवांत
आवाजाचं काय?

तांब्याची_तार
आवाज आहे.

रात्रपाळी
"आवाज आहे" हे फार सभ्य वर्णन झालं. ४० मिलिमीटरचा पंखा असतो तो, किंचाळतो. ज्या खोलीत माणसं झोपतात त्या खोलीचा विषयच सोडा, शेजारच्या खोलीतही नको. गॅरेज, माळा, असं काही असेल तरच.

विजेरी
एवढी यातायात कशाला? बिटॅक्स घ्या, बिटकॉइनचा छोटा मायनर. तळहाताएवढा बोर्ड, एक चिप, १७-१८ व्हॉट, सेकंदाला टेराहॅशच्या वर. सगळं डिझाइन खुलं आहे. सप्लाय म्हणाल तर पाच व्होल्टचा चांगला ॲडॉप्टर, सहा अँपिअरचा घ्या म्हणजे तापत नाही. फक्त घरातला राउटरचा बारा व्होल्टचा ॲडॉप्टर त्यात खुपसू नका, पिन तशीच दिसते आणि बोर्ड तत्काळ जातो.

उंटावरचा शहाणा
आणि ब्लॉक (म्हणजे बक्षीस) कधी लागतो?

मीटरवाली
नेटवर्क ८०० एक्झाहॅश (एक एक्झाहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) धरलं आणि बिटॅक्स १.२ टेराहॅश, तर सरासरी साडेबारा हजार वर्षांनी एक.

उंटावरचा शहाणा
मग वॉरंटी जरा कमी पडेल.

विजेरी
लॉटरीच आहे ती, मी कुठे नाही म्हणतेय? पण लॉटरीच लावायची तर १८ व्हॉटची लावावी, ८६७ ची कशाला?

खटपट्या
विजेरीताई, मुद्दा बिनतोड आहे, पण कार्डं माझ्याकडे आहेत आणि बिटॅक्स नाही. :)

मीटरवाली आणि सोल्डरगन, खूप आभार. मीटर मागवलाय. दोन ब्रॉन्झ जोडायच्या पर्यायाबद्दल कोणीच बोललं नाही, तो इतका वाईट आहे का?

सोल्डरगन
वाईट नाही, शिस्त पाळली तर. पहिलं म्हणजे दोन्ही सप्लाय एका वेळी चालू-बंद व्हायला हवेत. त्यासाठी छोटा रिले बोर्ड मिळतो, तो पहिल्याच्या मोलेक्सवरून दुसऱ्याला चालू करतो. हिरवी वायर काळीला क्लिप लावून जोडायचा जुगाड चाचणीपुरता ठीक, कायमचा नको. दुसरं म्हणजे दोघांचं ग्राउंड एक हवं, ते बोर्डामुळे होतंच. आणि एक कार्ड आणि त्याचा रायझर दोन्ही एकाच सप्लायवर हवेत. कार्डाची आठ पिन एका सप्लायवर आणि रायझर दुसऱ्यावर असं असताना एक बंद पडला तर दुसऱ्याकडून उलटा करंट शिरतो. सगळ्यात जास्त बोर्ड इथे मरतात.

फुकटफौजदार
ब्रॉन्झ म्हणजे ८५ टक्के. ७८० ला ९१८ व्हॉट. गोल्डपेक्षा ५१ जास्त. वर मीटरवालीबाईंनी १५ व्हॉटसाठी आम्हाला झाडलं, मग इथे ५१ कसे चालतील?

मीटरवाली
झाडलं नाही हो. :) आणि ५१ चालणार नाहीतच, वर्षाला साडेचारशे युनिटच्या आसपास होतात. पण ते सप्लाय घरात आहेत, नवा घ्यावा लागेल. रिग वर्षभर चालणार असेल तर नवा घ्या. फक्त थंडीच्या दिवसांत, खोली गरम करत चालवायची असेल तर ब्रॉन्झ पुरे. तेव्हा वाया गेलेली वीजही खोलीतच उष्णता म्हणून येते, हीटरने तरी वेगळं काय केलं असतं?

रात्रपाळी
अवांतर: एक गृहस्थ जुना अँटमायनर एस९ (बिटकॉइन मायनिंगचं यंत्र) खास हिवाळ्यासाठी बाळगून आहेत. १३००च्या वर व्हॉट, साक्षात हीटर. त्याचा एपीडब्ल्यू३++ सप्लाय २२० व्होल्टला १६०० व्हॉट देतो आणि ११० ला १२००, म्हणजे ११० च्या भिंतीवर तो एस९ पुऱ्या ताकदीने चालतच नाही. गृहस्थ म्हणतात, "हिशोब जमत नाही, पण पाय गरम राहतात."

घड्याळकाका
उशिरा आलो. बिल्ल्याबद्दल एक गोष्ट राहिली. ८० प्लसची चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते. उघड्या फ्रेमवर पाच कार्डांच्या गरम हवेत बसलेल्या सप्लायला २३ अंश कोण देतंय? म्हणून बिल्ला बघा, पण आतल्या कपॅसिटरचाही विचार करा. १०५ अंशांचे हवेत, ८५ चे नकोत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम आहे, तापमान दहा अंश कमी झालं की आयुष्य दुप्पट. म्हणजे सप्लाय फ्रेमच्या खाली, कार्डांच्या वाऱ्याबाहेर ठेवला तर फुकटात आयुष्य वाढतं. लोक तो कार्डांच्या मागे ठेवतात, बरोबर गरम झोताच्या तोंडाशी.

लोडचे जास्त बिंदू आणि आवाज, दोन्ही मोजलेलं हवं असेल तर सप्लाय तपासणाऱ्या सायबेनेटिक्सचे अहवाल वाचावेत. एकाच सप्लायचा आलेख बघितला की गोल्ड-प्लॅटिनमच्या गप्पा आपोआप कमी होतात.

वॉरंटीच्या अटीही वाचा. त्यात मायनिंग वगळलंय का ते बघा.

फुकटफौजदार
काका, अर्ध्या लोडवर सप्लाय थंड राहतो हे मी पहिल्याच प्रतिसादात म्हटलं होतं.

घड्याळकाका
म्हटलंत, आणि खरं आहे. पण १६०० च्या सप्लायला गरम हवेत ठेवण्यापेक्षा १००० च्या सप्लायला गार हवेत ठेवलेलं बरं.

खटपट्या
मीटर आला. जुन्या एका ब्रॉन्झवर तीन कार्डं लावून बघितली. लिमिट १४० ला असताना भिंतीपाशी ५९६ व्हॉट. १२० ला आणल्यावर ५२४. हॅशरेट पाचेक टक्के उतरला. म्हणजे वीज बारा टक्के कमी आणि काम पाच टक्के. मीटरवाली, तुमचा मुद्दा आकड्यांत दिसला.

तर पाच कार्डं १२० ला धरून ६०० आणि वरचे ८०, एकूण ६८०. १००० व्हॉटचा पुरेसा होतो, ६८ टक्के लोड. गोल्ड घेतो. बरोबर ना?

सोल्डरगन
व्हॉट पुरतात, पण डोकी मोजलीत का?

तुमच्या ३०७० ला किती कनेक्टर आहेत? बहुतेक कार्डांना आठ-आठ किंवा आठ-सहा असतात. पाच कार्डांची दहा डोकी झाली. वर पाच रायझर. आता १००० व्हॉटच्या सप्लायची माहिती उघडून बघा, आठ पिनची सहा ते आठ डोकी असतात. आठ पिनचं डोकं १५० व्हॉटचं, तुमचं कार्ड सगळं मिळून १२० चं, तेव्हा एकाच केबलला दोन डोकी असतील तर एका कार्डाला ती एक केबल बिनधास्त द्या. पण अशा पाच केबल हव्यात, आणि वर रायझरसाठी मोलेक्सच्या तीन लाइनी. सप्लायच्या मागच्या बाजूला तेवढी भोकं आहेत का ते फोटोत मोजा. बऱ्याच १००० वाल्यांत नसतात, १२००-१३०० मध्ये असतात.

म्हणजे तुम्हाला मोठा सप्लाय लागेल, पण फुकटफौजदार म्हणतात त्या कारणासाठी नाही.

फुकटफौजदार
कारण कोणतंही असो, मोठा लागणार हे मान्य झालं. आजचा दिवस माझा.

मीटरवाली
१३०० वर ६८० म्हणजे ५२ टक्के. अगदी तुमच्या आवडत्या निम्म्यावर. घ्या, जिंकलात.

निवांत
अखेर भांडण झालं नाहीच.

खटपट्या
कार्डं बघितली. तीन आठ-आठ, दोन आठ-सहा. आत्ता दोन सप्लायचे फोटो मोठे करून भोकं मोजतोय. एका १३०० वाल्याला आठ पिनच्या सहा जागा आहेत, प्रत्येक केबलला दोन डोकी. मोलेक्ससाठी चार जागा. त्यावर शिवाय सोळा पिनचं एक नवीन डोकं आहे, ६०० व्हॉट लिहिलंय. ते वापरून त्यातून तीन-चार आठ पिनची डोकी काढणारी वायर मिळते का? म्हणजे केबली कमी होतील.

सोल्डरगन
मिळते. लावू नका. ते डोकं एका कार्डासाठी बनवलंय, त्यातल्या बारीक पिना नीट आत बसल्या नाहीत तर काय होतं ते २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० वाल्यांनी बघितलंय, डोकी वितळली. आठ पिनच्या सहा जागा आहेत ना? पाच कार्डांना पाच, सहावी मोकळी ठेवा. रायझर मोलेक्सवर, दोन-दोन-एक. पहिल्या रात्री चालू केल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येक डोक्याला बोट लावून बघा. कोमट चालेल. बोट काढून घ्यावंसं वाटलं तर तेवढी केबल बदला.

रात्रपाळी
आणि बोट लावायच्या आधी कडं-अंगठी काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण शंभर अँपिअरची लाइन धातूला ओळखत नाही.